ई-कचऱ्याचा परवाना : यवतमाळच्या वाचकांसाठी एका विषयाची प्रस्तावना

सरकारी कार्यालयातला संगणक बंद पडला म्हणून लगेच कचरा होत नाही. आधी तो टेबलावरून कोपऱ्यात जातो, मग जिन्याखाली, मग अभिलेख कक्षाच्या मागच्या खोलीत. डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद असते, म्हणून त्याला हात लावायला कोणी धजावत नाही. काही वर्षांनी निर्लेखनाचा प्रस्ताव निघतो, समिती पाहणी करते, किंमत ठरते, जाहीर लिलाव होतो आणि सगळ्यांत जास्त बोली लावणारा टेम्पो घेऊन येतो. रक्कम जमा झाली की फाईल बंद. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. तहसील, पंचायत समित्या, नगर परिषदा, ग्रामीण रुग्णालये, जिल्हा परिषदेच्या शाळा, सहकारी बँका, महाविद्यालये अशी ही यादी लांबते, आणि यांतल्या प्रत्येक ठिकाणी अशी फाईल कधी ना कधी बंद होतेच. टेम्पो फाटकाबाहेर पडल्यावर त्या संगणकाचे काय होते, या प्रश्नापासून आपला विषय सुरू होतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका गोष्टीवर ठरते: नेणाऱ्याकडे, किंवा तो पुढे ज्याला विकतो त्याच्याकडे, या कामाची अधिकृत नोंदणी आहे की नाही.

या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांचे मनापासून स्वागत. ते कुठून येतात हे साधारण ठाऊक आहे. पुसदच्या किंवा यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून प्रकल्पासाठी विषय शोधणारा विद्यार्थी, नगर परिषदेचा स्वच्छता निरीक्षक, बारा-पंधरा वर्षे मोबाईल आणि टीव्ही दुरुस्त करून आता काही मोठे करू पाहणारा दुकानदार, वडिलांचा कबाडीचा धंदा पुढे न्यायला निघालेली पदवीधर मुलगी, आणि ज्याच्या टेबलावर अशा धंद्याच्या कर्जाची फाईल आली आहे तो बँक अधिकारी. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: परवाना कसा मिळतो? प्रश्न रास्त आहे. त्यामागे मात्र एक समजूत असते, की धंदा वेगळा आणि कागद वेगळे; कागद एकदा झाले की खरे काम सुरू. माझे म्हणणे याच्या उलट आहे. या क्षेत्रात अर्जाचे रकाने हेच पहिले पाठ्यपुस्तक आहे. माल कुठून येणार, त्यातून काय निघणार, ते कोणाला देणार, उरलेले कुठे नेणार, पाणी कुठे सोडणार, धूर कुठून जाणार, काम करणाऱ्याच्या हातात आणि तोंडावर काय असणार, हे सगळे तिथे विचारलेले असते. ज्याला ही उत्तरे मनापासून देता येतात त्याला हा उद्योग समजला. ज्याने ती कोणाकडून तरी लिहून घेतली, त्याच्या हाती परवाना आला तरी उद्योग आला असे म्हणता येत नाही.

एवढी चौकशी कशासाठी, हे वस्तूच्या पोटात पाहिल्यावर कळते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागात, शिसेयुक्त काच असते. जुन्या सर्किट बोर्डावरचे डाग हे कथील आणि शिशाच्या मिश्रणाचे असतात. सीएफएल दिव्यात थोडासा पारा असतो. थोडासा, पण दिवा फुटला की हवेत मिसळणारा. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये ओझोनच्या थराला घातक वायू असू शकतो. आणि त्याच बोर्डावर तांबे असते, जोडणीच्या टोकांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. चांगल्या बोर्डाच्या एका टनात निघणारे सोने खाणीतल्या एक टन मातीपेक्षा कितीतरी जास्त भरते. विष आणि मोल एकाच वस्तूत इतके गुंतलेले असणे, हा या विषयाचा गाभा आहे. मोल काढून घेणे सोपे आहे. वायर जाळली की तांबे मोकळे होते. बोर्ड आम्लात बुडवला की सोने सुटते. जळालेल्या पीव्हीसी आवरणातून डायॉक्सिन निघते आणि वापरलेले आम्ल नालीत जाते, त्याचा खर्च मात्र तांबे विकणाऱ्याच्या हिशेबात कुठेच येत नाही. तो शेजारच्या विहिरीच्या हिशेबात येतो. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग भेगाळ काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे आणि अनेक गावे विहिरी-बोअरवर जगतात. केळापूर, झरी जामणीकडच्या पाण्यातल्या फ्लोराईडने हाडांवर काय होते हे इथल्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. भूजलात एकदा गेलेली गोष्ट सहजासहजी परत काढता येत नाही, हे ज्ञान या जिल्ह्याला आधीच आहे.

कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहू. १९८४ च्या भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे नियम. त्याच वर्षी बाझल येथे घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. ई-कचरा तेव्हा वेगळा ओळखला जात नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००५ सालासाठी देशाचा अंदाज काढला तेव्हा तो सुमारे १ लाख ४६ हजार टन निघाला आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला, शहरांत मुंबई पहिली ठरली. याच वर्षी बंगळूरजवळ देशातला पहिला अधिकृत ई-कचरा प्रक्रिया उद्योग, ई-परिसर, सुरू झाला. स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यांनी वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर वस्तूच्या शेवटापर्यंतची जबाबदारी टाकली. २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. आज जे लागू आहेत ते २ नोव्हेंबर २०२२ चे नियम; अंमल १ एप्रिल २०२३ पासून. आधीच्या नियमांत एकवीस प्रकारच्या वस्तू होत्या, आता एकशे सहा आहेत.

नियमांच्या या मालिकेबाहेरची एक घटना मी प्रत्येक नव्या अभ्यासकाला आधी वाचायला सांगतो, कारण ती लिलावापासून सुरू होते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे बंद पडलेले एक किरणोत्सारी उपकरण २०१० मध्ये भंगारात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, आतला कोबाल्ट-६० हाताळला गेला, अनेकांना किरणांची बाधा झाली आणि एका कामगाराचा जीव गेला. किरणोत्सारी वस्तू ई-कचऱ्याच्या नियमांत मोडत नाही. तिच्यासाठी वेगळा कायदा आहे. घडले ते मात्र आपल्याच विषयातले होते. विद्वानांच्या संस्थेने लिलाव केला, आणि विकत घेणारा ती वस्तू ओळखू शकतो का, हे कोणी विचारले नाही.

आता यवतमाळमध्ये हा उद्योग काढायचा तर वाट कशी जाते ते पाहू.

सुरुवात जागेपासून होते. औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात, म्हणजे यवतमाळजवळ लोहारा किंवा वणी, पुसद अशा ठिकाणी भूखंड मिळाला तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. शेतीच्या जमिनीवर शेड टाकायचा तर अकृषिक वापराचे नियम पाहावे लागतात आणि गावाचे म्हणणेही विचारात घ्यावे लागते. किती जागा, हाही प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला एक टन क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रासाठी किमान ५०० चौरस मीटर असा हिशेब दिलेला आहे. अंगणात आणि पत्र्याच्या खोपटात हे काम बसत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. २०२२ च्या नियमांनी राज्याच्या उद्योग खात्याला औद्योगिक क्षेत्रांत या कामासाठी जागा किंवा शेड राखून ठेवण्याची जबाबदारीही दिली आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाणाऱ्याने हा नियम हातात घेऊन जावे. तो मागण्याजोगा हक्क आहे.

मग येते राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांखाली दोन टप्प्यांची संमती लागते: बांधकामाआधी उद्योग उभारण्याची, आणि यंत्रे बसल्यावर तो चालवण्याची. बोलताना सगळे सीटीई आणि सीटीओ म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते, म्हणून सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. उद्योग कोणत्या रंगाच्या वर्गात पडतो, लाल, नारिंगी की हिरवा, हे तुम्ही मालाचे काय करणार यावर अवलंबून आहे. नुसते हाताने सुटे करणे वेगळे, यंत्राने दळणे वेगळे, रसायनाने धातू काढणे त्याहून वेगळे. नवे लोक इथे एक चूक हमखास करतात: पुढे कधीतरी करू म्हणून सगळ्या प्रक्रिया आजच अर्जात लिहून टाकतात. मग आम्लाच्या टाक्या नसतानाही सांडपाणी प्रक्रियेचा आराखडा द्यावा लागतो. जेवढे करणार तेवढेच लिहावे, आणि ते नेमके लिहावे.

या संमतीच्या जोडीला २०१६ च्या घातक कचरा नियमांखालचे प्राधिकारपत्र लागते, आणि अनुभवी माणूस इथेच जास्त वेळ घालवतो. आलेल्या मालातून विकण्याजोगे सगळे निघाल्यावर जे उरते, शिसेयुक्त काच, गाळणीतली धूळ, पाऱ्याचे दिवे, गाळ, ते कुठे जाणार? विदर्भात घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी सामायिक सुविधा नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. तिचे सभासदत्व घ्यावे लागते, प्रत्येक फेरीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा दाखला, भरावा लागतो, वजनावर पैसे द्यावे लागतात. धंद्याच्या आराखड्यात हा खर्च किती धरला आहे, हे मी सर्वांत आधी पाहतो. तो रकाना रिकामा असेल तर बाकीचे आकडे वाचण्यात अर्थ नसतो, कारण तो कचरा मग रस्त्याकडेलाच जाणार.

या सगळ्यानंतर केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी. २०२२ च्या नियमांनी चारच नावे ठेवली आहेत: वस्तू तयार करणारा, ती आपल्या नावाने बाजारात आणणारा, जुनी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा रिफर्बिशर, आणि रिसायकलर. यांतले कोणीही नोंदणीशिवाय व्यवसाय करू शकत नाही, आणि नोंदणी असलेल्याने नोंदणी नसलेल्याशी व्यवहार करायचा नाही. अर्जाला संमतीपत्रे, प्राधिकारपत्र, जीएसटी, यंत्रांची क्षमता आणि जागेची अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे जोडावी लागतात. कारखाना, अग्निशमन, वीजजोडणी यांचे कागद वेगळे. ते कोणत्याही उद्योगाला लागतात, त्यावर इथे थांबत नाही.

कागद झाले, पण माल? जिल्ह्यात ई-कचरा किती निघतो, याचा अंदाज करताना नव्या अभ्यासकाची पहिली परीक्षा होते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा जागतिक अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टन. म्हणजे माणशी तीन किलोच्या जवळपास. २०११ च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. तीच धरली तरी वर्षाला आठ हजार टन होतात. आता केंद्रीय मंडळाचा आकडा घ्या: २०२१-२२ मध्ये देशात १६ लाख टन. त्या हिशेबाने जिल्ह्याचे तीन हजार टनांच्या थोडे वर. एकाच जिल्ह्याचे दोन आकडे, आणि एक दुसऱ्याच्या अडीचपट! दोन्ही मोजणाऱ्यांनी आपापल्या रीतीने बरोबरच मोजले आहे. एकाने सगळ्या विजेच्या वस्तू धरल्या, दुसऱ्याने तेव्हाच्या नियमांतले एकवीस प्रकार धरले आणि कंपन्यांच्या विक्रीवरून हिशेब केला. शिवाय दोन्ही राष्ट्रीय सरासऱ्या. मुंबईतल्या घराची सरासरी घाटंजीच्या घराला लावता येत नाही. कोलामपोडावरच्या घरात कदाचित एक मोबाईल, एक दिवा आणि एक पंखा एवढेच असेल.

आणि निघणारा माल हाती येणारा माल नसतो. दिवसाला एक टनाच्या लहानशा केंद्राला वर्षाकाठी तीनशे टन पुरतात. यवतमाळमध्ये तेवढा ई-कचरा नक्कीच निघतो. पण तो कबाडीच्या हातगाडीवरून गावातल्या गोदामात, तिथून नागपूरला, आणि पुढे दूरच्या बाजारांत जातो. या साखळीचे मोजमाप यवतमाळसाठी केले पाहिजे, आणि ते करण्याची साधने आपल्या हातात आहेत. वर्षात एक हजार किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था नियमांप्रमाणे मोठी ग्राहक ठरते आणि तिने आपला ई-कचरा फक्त नोंदणीकृत उद्योगालाच द्यायचा असतो. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय अशा संस्था या व्याख्येत बसतात का, हे वस्तू मोजून पाहावे. गेल्या पाच वर्षांत कोणत्या कार्यालयाने किती संगणक, मॉनिटर, प्रिंटर, बॅटऱ्या निर्लेखित केल्या आणि त्या कोणाला दिल्या, हे माहिती अधिकारात विचारता येते. एका विद्यार्थ्याच्या एका सत्रात होणारे हे काम आहे. याच्या जोरावर उद्योग काढायचा की नाही हे ठरवता येईल. सध्या तो निर्णय राष्ट्रीय सरासरीवर घेतला जातो, आणि मग महागडे श्रेडर मालाची वाट पाहत उभे राहते.

उद्योगाचे अर्धे अर्थकारण आता वस्तूत नसून प्रमाणपत्रात आहे. कंपन्यांनी विकलेल्या मालाच्या हिशेबाने दरवर्षी ठरावीक हिस्सा पुनर्प्रक्रियेला गेला पाहिजे: २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढची दोन वर्षे ७० टक्के, त्यानंतर ८० टक्के. हे बंधन कंपनी रिसायकलरकडून प्रमाणपत्रे घेऊन पाळते. प्रमाणपत्र मिळते ते मिळवलेल्या सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंडावर. घरगुती उपकरणांसाठी किलोला किमान २२ रुपये असा दर सरकारने बांधला, तेव्हा काही बड्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दर नसेल तर प्रामाणिकपणे काम करणारा रिसायकलर टिकणार नाही, म्हणून किमान दराच्या बाजूने मी उभा आहे. पण ही पद्धत एक गोष्ट मोजत नाही: शिसेयुक्त काच सुरक्षित जागी पोहोचवली, पारा हवेत जाऊ दिला नाही, याचे प्रमाणपत्र मिळत नाही. जे काम समाजासाठी सगळ्यांत मोलाचे, त्याचे पैसे कुठूनच येत नाहीत. ते होते की नाही हे फक्त संमतीपत्रातल्या अटी आणि पाहणीला येणारा अधिकारी यांवर अवलंबून राहते. प्लास्टिकच्या क्षेत्रात २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सहा लाखांवर बनावट प्रमाणपत्रे सापडली. त्यांत महाराष्ट्रातल्या प्रक्रिया उद्योगाचाही संबंध होता. परवान्याच्या वेळची पाहणी कडक असावी असे मी म्हणतो ते यासाठी. प्रत्यक्षात नसलेल्या यंत्रावर काढलेले प्रमाणपत्र शेजारच्या खऱ्या कारखान्याचा घास काढून घेते.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. २०१६ च्या नियमांत संकलन केंद्र आणि वस्तू सुट्या करणारा, म्हणजे डिस्मँटलर, यांना जागा होती. २०२२ मध्ये ही दोन्ही नावे नोंदणीतून गेली. कारण समजण्यासारखे आहे. कागदावरची संकलन केंद्रे फार झाली होती. पण मुंबई-ठाणे-पालघर-पुणे पट्ट्याबाहेरच्या जिल्ह्यांना परवडणारी दारे हीच होती. पूर्ण प्रक्रियेचा कारखाना काढायला जे भांडवल लागते ते दारव्हा किंवा उमरखेडच्या तरुणाकडे नसते, आणि बँक ते सहज देत नाही. सुटे करण्याचे काम मात्र हाताचे आहे, कसबाचे आहे, आणि आम्ल-भट्टीशिवाय होणारे आहे. नियम नीट वाचले तर एक वाट शिल्लक असल्याचे दिसते: नोंदणीकृत रिसायकलर डिस्मँटलरची मदत घेऊ शकतो, मात्र माल नेण्या-आणण्याची जबाबदारी रिसायकलरची राहते आणि सुटा झालेला माल फक्त नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेला पाहिजे. नागपूर भागातल्या रिसायकलरशी लेखी करार करून, संमतीपत्र घेऊन, यवतमाळ किंवा पांढरकवड्याला सुटे करण्याचे केंद्र चालवणे यात बसते, असे माझे वाचन आहे. ते तपासून पाहावे आणि करारांचे नमुने मराठीत तयार व्हावेत.

दुसरे दार रिफर्बिशरचे. दुरुस्त करून वस्तूचे आयुष्य वाढवले तर कंपनीची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर पुढे ढकललेल्या प्रमाणाचा ७५ टक्केच भाग त्या जबाबदारीत धरला जातो. म्हणजे दुरुस्तीला कायद्याने उत्तेजन दिले आहे. टीव्ही, मोबाईल, इन्व्हर्टर दुरुस्त करणारी जी दुकाने आपल्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आहेत, त्यांना एकत्र आणून एक नोंदणीकृत रिफर्बिशिंग केंद्र उभे राहू शकते का? त्यासाठी लागणारे तंत्रज्ञान इथल्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात आहे. कमतरता हिशेब, पावत्या आणि पोर्टलवरच्या नोंदींची आहे. ती शिकवता येते.

कामगारांबद्दल बोलताना यवतमाळच्या माणसाला २०१७ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. औषध बाजारात होते, नियमही होते. मास्क आणि हातमोजे मात्र शेतापर्यंत पोहोचले नव्हते, आणि शेतमजुराला कोणी काही समजावले नव्हते. ई-कचऱ्याच्या नियमांनी कामगारांची नोंद, प्रशिक्षण, त्यांचे गट बांधणे आणि दरवर्षी सुरक्षा व आरोग्याची तपासणी हे काम राज्याच्या कामगार खात्याकडे सोपवले आहे. अर्जात हातमोज्यांची संख्या लिहिलेली असते, ते हातमोजे दुपारी तीन वाजता हातात असतात का, हे कोण पाहते? पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बायांना ओळखपत्रे मिळाली, आणि पुढे त्यांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कबाड गोळा करणारी माणसे कायदेशीर साखळीत सन्मानाने येऊ शकतात, याचा तो मराठी पुरावा आहे. यवतमाळमध्ये महापालिका नाही, नगर परिषदा आहेत. पण घरगुती कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत उद्योगाकडे पाठवणे हे नियमांनी त्यांचेही काम ठरवले आहे. ते काम कोणाच्या हातांनी करायचे, हा ठराव नगर परिषदेच्या सभेतच व्हायचा आहे.

शेतातल्या सौर पंपांचा विषय अजून कोणी फारसा हाताळलेला नाही. कुसुम योजनेतून आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून विदर्भाच्या शिवारांत पॅनेल उभी राहत आहेत. २०२२ च्या नियमांनी सौर पॅनेलही कक्षेत घेतली असून टाकाऊ पॅनेल २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याची तरतूद केली आहे. गारपिटीने फुटलेले, वादळात कोसळलेले पॅनेल त्याआधीच निघणार. ते आज कुठे जाते? पॅनेलमध्ये ॲल्युमिनियमची चौकट आहे, काच आहे, थोडी चांदी आणि थोडे शिसे आहे. चौकट काढून बाकीचे बांधावर टाकणे हे आत्ताच सुरू होऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने दुर्मीळ व महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्प्राप्तीसाठी दीड हजार कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली, त्यात ई-कचराही आहे. आपल्या जिल्ह्यातला जो कोणी पुढच्या दहा वर्षांचा विचार करून जागा आणि संमती मागणार असेल, त्याने पॅनेलचा विचार आत्ताच करावा.

वाचन कुठून सुरू करावे, असे विचारणाऱ्यांना एवढेच सुचवतो. आधी २०२२ च्या नियमांची पहिली अनुसूची वाचावी आणि आपल्या घरातल्या वस्तू तिच्याशी ताडून पाहाव्यात. मग रिसायकलरच्या जबाबदाऱ्यांचे कलम. नंतर राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होणाऱ्या संमतीपत्रांतले ई-कचरा उद्योगाचे एखादे पत्र घेऊन त्यातल्या अटी एकेक करून वाचाव्यात: किती पाणी, कोणती गाळणी, किती उंच धुराडे, कोणता घातक कचरा किती किलो आणि तो कुठे. प्रत्येक अटीपाशी थांबून ती नसती तर काय झाले असते, हे लिहावे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना, वकिलांना आणि कबाडीच्या गोदामातल्या जाणत्या माणसाला ते टिपण दाखवावे. तिघेही वेगवेगळ्या चुका काढतील, आणि तिघांच्याही दुरुस्त्या लागतील.